पश्चिमेची भिंत

“मी रहिवासी.”

उजव्या हाताचा तळवा छातीवर ठेवून, मान जराशी झुकवून काकू हे सांगायच्या. समोर कॉलेजच्या बसमधून उतरलेली मुलं अंगणात दाटीवाटीनं उभी असायची. सरांनी त्यांना भिंती दाखवलेल्या असायच्या, छत दाखवलेलं असायचं, जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून सगळ्यांचं आत वाकून बघून झालेलं असायचं. मग एखादी मुलगी शिष्टाचार म्हणून विचारायची, “आणि मॅडम, आपण?” त्यावर हे उत्तर. मुलं हसायची, काकूही हसायच्या, आणि चहाचं आधण ठेवायला आत जायच्या.

तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. मी शेजारीण. कुंपणाच्या भिंतीवरून मी हे किती वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी हसले.

आमची वसाहत मुकुंदवाडीच्या स्टेशनापलीकडे. आम्ही राहायला आलो तेव्हा शहर तिथं संपायचं. मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, म्हणून सगळी वसाहत मला ‘बाई’ म्हणायची. आमच्यानंतर वर्षभरात शेजारच्या प्लॉटवर सरांचं घर उभं राहिलं. सर इंजिनिअरिंग कॉलेजात बांधकाम शिकवायचे आणि पर्यावरणाला धरून घर कसं बांधावं, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. दुसऱ्याच्या घरावर प्रयोग करायला कोण देणार? म्हणून त्यांनी स्वतःचं घरच प्रयोगाला काढलं. ते घर आणि त्या घरात काकू.

काकू मूळच्या सोयगावच्या. वडिलांचं भुसार मालाचं दुकान भर बाजारपेठेत, आणि वर माडीवर घर. लहानपणापासून खाली बाजार आणि वर आपण, अशी सवय. आवाज मोठा, बोलणं ठसक्यात. इतक्या वर्षांत सरांच्या पुस्तकी मराठीचा एक शब्द त्यांच्या बोलण्यात शिरला असेल तर तो ‘रहिवासी’.

तो कसा शिरला तेही सांगते. सरांचा एक निबंध परदेशातल्या कुठल्याशा मासिकात छापून आला. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं काकूंना कौतुकानं तो मराठीत करून वाचून दाखवला. त्यात होतं, ‘रहिवाशास उन्हाळ्यातील दुपारी पंख्याची गरज भासली नाही.’

“रहिवासी कोण रे?” काकूंनी विचारलं.

“तुम्हीच की काकू. दुपारी घरात तुम्हीच असता.”

“मग माझं नाव का नाय?”

“संशोधनात नाव लिहीत नसतात, काकू.”

“असं व्हय,” काकू म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी ते नाव लावून घेतलं.

घर मात्र खरोखर वेगळं होतं. भट्टीत न भाजलेल्या, यंत्रात दाबून केलेल्या मातीच्या विटा. त्यांच्या भिंती इतक्या जाड, की कोनाड्यात मांजर सहज झोपायचं. छताच्या स्लॅबमध्ये मडकी उपडी घातलेली. मधोमध छोटा चौक. सगळ्या खिडक्या उत्तरेला किंवा चौकाकडे. पावसाचं पाणी गच्चीवरून थेट स्वयंपाकघराशेजारच्या जमिनीखालच्या टाकीत.

पण संशोधनाचीही एक हवा असते, हे मला त्या घराकडे बघून कळलं. काही वर्षं सगळीकडे मातीच्या विटांचं कौतुक होतं. मग वारं फिरलं आणि गच्चीवर बाग करायची टूम निघाली. सरांनी गच्चीवर माती चढवली, काकूंनी कोथिंबीर आणि गवती चहा लावला. दोन उन्हाळ्यांत सगळं करपलं. मग पांढऱ्या फरशीचे तुकडे आले. सगळी गच्ची अशी चकाकायला लागली, की पापड वाळत घालायला काकूंना माझा जुना गॉगल लावून वर जावं लागायचं. मग सांडपाण्याचा काळ आला. न्हाणीतलं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून फिरवून स्वच्छ करायचं. त्या कर्दळीला सोसेल असाच साबण घरात यायचा. पाहुणे आले की काकू आधी त्यांच्या हातातला साबण काढून घ्यायच्या.

“कल बदलला की आमची भिंत बदलती, बाई,” त्या म्हणायच्या. “मोठ्या परिषदेवरून हे घरी आले, की मी आधी बघते, हातात पेढे हायत का कुदळ.”

एका दिवाळीत त्या सकाळीच पीठ, तेल, सोऱ्या घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्या आठवड्यात सर स्वयंपाकघराचं तापमान घेत होते. चकलीच्या कढईनं सगळे आकडे बिघडले असते.

“तुमच्या घराचं कुणी तापमान घेत नाय ना?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग बरं. तुमच्याकडं माणसासारखं तळता येतंय.”

त्या वर्षी त्यांची सगळी दिवाळी आमच्या ओट्यावर झाली, आणि पुढच्याही काही. आमचं घर साधं स्लॅबचं. एप्रिलमध्ये दुपारी छतातून आग उतरायची. मग मे महिन्यात उलटा प्रकार. जेवणं उरकली की मी, समोरच्या शबानाभाभी, गल्लीतल्या आणखी दोघीतिघी काकूंच्या घरी जाऊन फरशीवर अंग टाकायचो. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असायचं आणि आत ओल्या मडक्यासारखा गारवा. सरांचं संशोधन खरं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते विसरायला होईल.

आणि काकूंची अडचण तीच होती. त्या घराबद्दल तक्रार तरी काय करायची? एकदा त्या काही बोलायला गेल्या, तर शबानाभाभी पडल्या पडल्या म्हणाल्या, “काकू, तुम्ही जन्नतमध्ये राहता. आमच्या पत्र्याखाली एक दुपार झोपून दाखवा.”

तक्रार एकच होती आणि ती पश्चिमेच्या भिंतीची होती. आमच्या ओळीतल्या घरांचा रस्ता पश्चिमेला. आमच्या सगळ्यांच्या खिडक्या रस्त्यावर. पण दुपारनंतरचं ऊन पश्चिमेनं घरात घुसतं, म्हणून सरांनी ती बाजू पूर्ण बंद ठेवली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग, आंधळी भिंत, आणि कडेला चिंचोळ्या बोळातून आत जायचं दार. घरात बसलं की रस्ता आहे हेच कळू नये. भाजीवाला ओरडत गेला तर आवाज कुठल्या तरी विहिरीतून आल्यासारखा यायचा.

“एक खिडकी करा ओ,” असं काकू सरांना म्हणायच्या. माझ्यादेखत कितीदा म्हणाल्या. “हातभर. रस्त्यात कोण भांडतंय एवढं तरी दिसू द्या.”

सर चिडायचे नाहीत. तेच तर. ते शांतपणे कागद घ्यायचे, सूर्य काढायचे, भिंत काढायची, आणि उन्हाची रेघ ओढून दाखवायचे. “हे बघ, इथून एकदा ऊन आत आलं, की सगळी भिंत वायाच. बाकीच्या सगळ्या मेहनतीला काही अर्थ राहत नाही.” काकूंना चित्र समजायचं. म्हणूनच त्या पुढे बोलू शकत नसत. चिडणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं. बरोबर असलेल्या नवऱ्याचं काय करायचं?

समोर शबानाभाभींचे मिस्टर, रफिकभाई, अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचे. काकू दिसल्या की ते लांबूनच हातानं चौकोन करायचे, “काकू, कब?” आणि काकू हात झटकायच्या, “ऊन येतंय!”

मग दुष्काळाची वर्षं आली. एक वर्ष पाऊस कमी, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं आणि आमच्या नळांना आठवड्यातून एकदा, मग तेही नाही. टँकर यायचा त्याला वेळ नव्हती. गल्लीच्या तोंडाशी घागरी आणि प्लास्टिकचे ड्रम लावून बायका उभ्या. त्या रांगेत काकूही दोन घागरी घेऊन उभ्या असायच्या.

आणि त्यांच्या स्वयंपाकघराशेजारी टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

हे सगळ्यांना माहीत होतं. टाकीत मापाची पट्टी लावलेली होती. साठवलेलं पावसाचं पाणी मोठ्या उन्हाळ्यात किती टिकतं, कसं टिकतं, हे सर रोज सकाळी विजेरी मारून वाचत होते. त्या वर्षीसारखा कोरडा उन्हाळा संशोधनाला पुन्हा मिळणार नव्हता. जून लागेपर्यंत त्या पाण्याला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. सरांची बाजू मी त्यांच्या तोंडून ऐकली आहे. “एवढा उन्हाळा निभावला तर आपण सिद्ध करू शकू, बाई. मग प्रत्येक घराखाली टाकी होईल. ही रांगच राहणार नाही.” ते स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ करायचे, आणि तेही टँकरच्या पाण्यानं.

रांगेत एकदा एक नवीन बिऱ्हाडकरू बाई काकूंना म्हणाली, “मावशी, तुमच्या तर पायाखाली पाणी हाय म्हणत्यात. मग इथं कशाला तपताय?”

काकू म्हणाल्या, “ते पाणी नाय बाई. ती नोंद हाय.”

सगळ्या हसल्या. काकूंनी घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. त्यांचं तोंड उन्हानं लाल झालेलं होतं.

त्याच मे महिन्यात शबानाभाभींच्या मुलीचा निकाह होता. वऱ्हाड जालन्याहून येणार होतं. रफिकभाईंनी टँकर सांगून ठेवला होता, पण सकाळ गेली तरी टँकर आला नाही. टँकरवाल्याचा फोन बंद. गल्लीत मांडव पडलेला, देगा मांडलेल्या, तांदूळ निवडून ठेवलेले, आणि आचारी हात बांधून बसलेले. आम्ही आपापल्या घरातून कळशी-दोन कळशा दिल्या, पण तेवढ्यानं काय होणार? शबानाभाभी मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. काकूंच्या घराकडे तर बघितलंही नाही, आणि ते न बघणं मला दिसत होतं.

काकू बोळातून बाहेर आल्या. मांडवाकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं. “बाई, दोरी हाय का तुमच्याकडं? आमची तुटलीय.”

मी दोरी आणली. काकूंनी पदर खोचला, टाकीचं जड झाकण दोन्ही हातांनी सरकवलं आणि पहिली बादली सोडली. पाणी इतकं नितळ होतं की बादलीचा तळ दिसत होता. मग गल्लीतल्या बायकांची साखळीच लागली. बोळातून मांडवापर्यंत बादल्या जात होत्या आणि काकू ओढत होत्या. मी म्हटलं, थोडं मी ओढते, तर नाही म्हणाल्या. “राहू द्या. जे काय व्हायचं ते एकाच हातानं होऊ द्या.”

दुपारी सर कॉलेजातून आले तेव्हाही बादल्या चालूच होत्या. ते बोळाच्या तोंडाशी थांबले. बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. सर आत आले, टाकीपाशी आले.

“किती काढलं?” त्यांनी विचारलं.

“मोजलं नाय,” काकू म्हणाल्या.

सरांनी विजेरी आणली, वाकून पट्टी शोधली. बराच वेळ वाकून होते. मग उठले, विजेरी बंद केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत एखाद्या मुलाचा सगळा पेपर पावसात भिजला तर तो जसा उभा राहतो, तसे ते उभे होते. “काम झालं की झाकण नीट लाव,” एवढंच म्हणाले, “पाल पडते.” आणि आतल्या खोलीत गेले.

संध्याकाळी ते निकाहाला आले. रफिकभाईंनी त्यांना हाताला धरून वरपित्याच्या शेजारी बसवलं. सरांनी शाकाहारी ताटातला भात पोटभर खाल्ला आणि पाण्याचा पेला उचलून प्रकाशात धरून बघितला. नंतर कितीतरी दिवस ते काकूंशी कामापुरतंच बोलत होते. काकूही कामापुरतंच. घर इतकं शांत झालं की मला माझ्या ओट्यावर अवघडल्यासारखं व्हायचं.

त्या संशोधनाचा निबंध पुढे छापून आला. तोच विद्यार्थी वाचून दाखवायला आला, आणि या वेळी मीही तिथंच होते. शेवटाकडे एक वाक्य होतं. ‘रहिवाशाच्या निर्णयामुळे उन्हाळ्याच्या अखेरच्या टप्प्यातील नोंदी उपलब्ध नाहीत.’

“थांब,” काकू म्हणाल्या. “काय लिवलंय? कशामुळं?”

“निर्णयामुळे.”

“निर्णयच लिवलंय? नीट बघ.”

“निर्णयच आहे, काकू.”

तो गेल्यावर त्यांनी शिरा केला. वाटी माझ्या हातात देताना म्हणाल्या, “बाई, चूक नाय लिवली त्यांनी. हट्ट पण नाय. निर्णय लिवलं.” त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते धुराचं निमित्त करून पुसत होत्या. त्यांच्याकडे गॅस होता.

पुढे पाऊस बरा झाला आणि शहर आमच्या अंगावर आलं. स्टेशनापलीकडची शेतं प्लॉट झाली, प्लॉटवर इमारती झाल्या. काकूंच्या दक्षिणेला सात मजली इमारत उभी राहिली. तिच्या सगळ्या गॅलऱ्या काकूंच्या चौकात उघडायच्या. उघडं आभाळ तेवढंच त्यांच्या वाट्याला होतं. आता तिथं केस वाळवायला बसलं की वरून चार बायका आणि दोन पुरुष बघायचे. सरांनी वर हिरवी जाळी बांधली. घरात सगळा उजेड पोपटी पडायला लागला.

मागच्या बाजूलाही इमारत झाली आणि वारा अडला. ज्या वाऱ्याच्या भरवशावर ते घर आखलं होतं, तो येईनासा झाला. घर तापू लागलं. इतरांच्या मानानं थोडंच, पण सरांना ते सहन व्हायचं नाही. आधी त्यांनी तापमापक बदलले. मग नवीन कल आला होता, तो घरात आणला. प्रत्येक खोलीच्या छताला लुकलुकणाऱ्या दिव्याचा छोटा डबा. कुठल्या खोलीत माणूस आहे, किती वेळ आहे, तिथं किती उकाडा आहे, सगळं आपोआप कॉलेजातल्या संगणकावर.

“आता मी देवापुढं किती वेळ बसते ते पण तिकडं कळतंय,” काकू म्हणाल्या. “देवाला कळत नसंल एक वेळ.”

त्या हसल्या नाहीत. अलीकडे हसणं कमी झालं होतं. काकूंचा मुलगा शिकून पुण्याला नोकरीला गेला होता. गुडघ्यांमुळे त्या फारशा बाहेर पडत नसत. मी शाळेतून येताना त्या भिंतीबाहेरून आवाज द्यायचे, “काकू, गवार घेऊ का?” आणि आतून कुठून तरी खोलातून उत्तर यायचं. कधी कधी मला वाटायचं, त्या आवाजासाठीच त्या दिवसभर कान लावून बसलेल्या असतात.

सर निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांची खाट पश्चिमेच्या खोलीत घातली, कारण घरातली सर्वांत गार खोली तीच. कुशीवर वळता येत नव्हतं. सर दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

एके दिवशी ते डाव्या हाताचं बोट हवेत फिरवू लागले. एक रेघ खाली, एक आडवी, एक वर, पुन्हा एक आडवी. काकूंनी पाट आणला. नाही. पेपर आणला. नाही. देवाची तसबीर आणली. नाही. सर चिडून पुन्हा पुन्हा तेच काढत राहिले. आणि काकूंना एकदम कळलं.

“खिडकी?”

सरांनी डोळे मिटले आणि उघडले.

काकू थेट माझ्याकडे आल्या. मला वाटलं, सरांचं काही बरंवाईट झालं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “त्यांना खिडकी पायजे.” मग जरा वेळानं, “माझा सगळा जन्म त्या भिंतीत गेला, बाई. त्यांना चार महिने झाले न झाले.”

त्यांनी रफिकभाईंना लगेच बोलावलं नाही. एक दिवस गेला, आठवडा गेला. सर रोज हवेत चौकोन काढायचे, आणि काकू त्यांना पेज भरवायच्या, पाठ पुसायच्या, कूस बदलायच्या, पण त्या हाताकडे बघायच्या नाहीत. मी विचारलं नाही. आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

मग एका सकाळी त्या स्वतःच रस्ता ओलांडून गेल्या. “रफिकभाई, तुमचा चौकोन घेऊन या.”

ती बातमी कॉलेजात पोचली. सरांच्या जागी आलेले प्राध्यापक धावत आले. सभ्य माणूस होता. म्हणाले, “काकू, घराचा अभ्यास अजून चालू आहे. पश्चिमेची भिंत फोडली तर आधीच्या सगळ्या नोंदी निरुपयोगी होतील. सरांना हे चाललं नसतं.”

“त्यांनीच सांगितलंय.”

“सरांना तर बोलता येत नाही, काकू.”

“तुमच्याशी नसंल येत,” काकू म्हणाल्या.

रफिकभाईंच्या माणसांना ती भिंत फोडायला दोन दिवस लागले. “काकू, ये दीवार नहीं, किल्ला है,” ते घाम पुसत म्हणाले. शेवटचा थर पडला तेव्हा आधी धूळ आत आली, मग रस्त्याचा गलका, आणि मग ऊन. सरांच्या पांघरुणावर, त्यांच्या हातावर ऊन पडलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

त्यानंतर ती दोघं त्या खिडकीशी असायची. सर उशांना टेकून आणि काकू खाटेच्या कडेवर. मी रस्त्यानं येताना काकूंची टीका ऐकू यायची. “तो बघा, रिक्षावाला, सकाळपासून एक भाडं नाय त्याला... ही बाई पुन्हा त्याच दुकानात गेली, हिला काय तरी बदलून घ्यायचं असंल... आता बघा हां, आता हे दोघं भांडणार.” सर डाव्या डोळ्यानं हसायचे. दुपारी तीननंतर खोली तापायची. सरांनी कागदावर ओढलेली उन्हाची रेघ बरोबर तिथं यायची. काकू ओली साडी खिडकीवर टाकू का विचारायच्या. घामानं निथळत असतानाही सर मान हलवायचे, नको.

पुढचा उन्हाळा संपायच्या आत सर गेले.

काकू घरात एकट्या राहिल्या. खिडकी होती, पण त्या तिच्याशी क्वचितच बसायच्या. मुलगा पुण्याला चला म्हणत होता, त्या आज-उद्या करत होत्या. अशात एक दिवस कॉलेजातून एक संशोधक मुलगी आली. हातात प्रश्नांचे कागद. मी तिथं भाजी निवडत बसले होते.

“काकू, मला घराविषयी नाही, तुमच्याविषयी विचारायचं आहे,” ती म्हणाली. “आता आमच्या विषयातला कल बदललाय. भिंती किती गार, यापेक्षा आत राहणाऱ्या माणसाला कसं वाटतं, यावर सगळीकडे अभ्यास चाललाय.”

“व्हय?” काकू म्हणाल्या. “कधीपासून?”

मुलगी हसली. मग तिनं विचारायला सुरुवात केली. उजेड पुरेसा वाटतो का? वारा? एकटेपणा जाणवतो का? घरात आपलं म्हणणं चालतं असं वाटतं का? प्रत्येकाला चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. काकू सगळ्याला ‘बरं हाय, बरं हाय’ म्हणत राहिल्या. मला नवल वाटलं. ज्या बाईच्या पोटात एवढं साठलेलं, तिला इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारत होतं, आणि ती ‘बरं हाय’वर वेळ मारून नेत होती.

“शेवटचा प्रश्न,” मुलगी म्हणाली. “या घरात तुमच्या मनासारखा बदल करता आला, तर काय कराल?”

काकूंनी भिंतीकडे बघितलं, वरच्या पोपटी जाळीकडे बघितलं.

“सर असताना हे विचारायचं होतं, बाळा,” त्या म्हणाल्या. “आता मी कायपण सांगंन. पण नको म्हणायला हाय कोण?”

मुलीनं कागद मिटले आणि चहा घेऊन गेली.

त्या दिवाळीनंतर मुलगा गाडी घेऊन आला. घराच्या किल्ल्या कॉलेजाकडे गेल्या. त्यांना ते घर दाखवण्यासाठी हवंच होतं. काकूंनी गल्लीत घरोघरी जाऊन निरोप घेतला. शबानाभाभींच्या गळ्यात पडून रडल्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या नाहीत, फक्त माझा हात धरून राहिल्या. तळवा अजून खरखरीत होता. मग त्या गाडीत मागे बसल्या.

गाडी मोठी, नवी, काळ्या काचांची. आत आधीच गार केलेली. मी जवळ गेले तर काकूंनी चाचपडत बटण शोधलं आणि काच खाली घेतली. रस्त्यावरचा सगळा आवाज आत गेला असणार, कारण त्या एकदम सावरून बसल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या. माझ्याशी काही बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.

“आई, काच वर घे,” पुढून मुलगा म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला. “गारवा जातो सगळा.”

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग काच वर घेतली.